टिकाऊ चाकांची बॅग कशी ओळखायची? आई-बाबा जर्मनीला निघालेत

मुक्ता_कोथरूड

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी चाललेत, माझ्या भावाकडे, ट्युबिंगनला. वहिनीचं बाळंतपण आहे, त्यामुळे मुक्काम चांगला अडीच महिन्यांचा. तिकिटावर प्रत्येकी २३ किलोची एक बॅग आणि हातात ८ किलो. अळीव, डिंक, सुंठ, दुपटी, गोधड्या, एवढ्यानेच त्या बॅगा भरणार आहेत.

प्रवास असा आहे: पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंत टॅक्सी, मग फ्रँकफर्ट, तिथून रेल्वेने श्टुटगार्ट, तिथे गाडी बदलून ट्युबिंगन. भाऊ फ्रँकफर्टला घ्यायला येणार आहे, पण माणसं तीन आणि बॅगा चार. शिवाय त्याचं घर जुन्या गावात आहे. दगडी फरसबंदीची गल्ली, वर चढ.

बाबांचा उजवा खांदा दुखरा आहे, आईचे गुडघे. मधेच एखादं चाक निखळलं तर दोघांपैकी कुणालाही ती बॅग उचलता येणार नाही. म्हणून एवढं खोदून विचारतेय. पुढेही या बॅगा वापरात राहतील, रत्नागिरीला आमचं वरचेवर जाणं असतं.

काल लक्ष्मी रोडवर दोन-तीन दुकानं पाहिली. एका ठिकाणी विक्रेता बॅगेवर चढून उभा राहिला आणि म्हणाला, "बघा ताई, काही होत नाही." त्यावरून नेमकं काय कळतं? कडक घ्यावी की कापडी, दोन चाकांची की चार? दुकानात उभ्या उभ्या काय तपासायचं? दोन मोठ्या बॅगांचं मिळून बजेट पंधरा हजार.

गोदाकाठ

मुक्ताताई, बॅगेवर उभं राहून काहीही कळत नाही. माणसाचं वजन सपाट पृष्ठभागावर पसरतं, ते साधी बॅगसुद्धा पेलते. प्रवासात बॅग तुटते ती कोपऱ्यावर पडून. २३ किलो भरलेली बॅग गाडीतून खाली टाकली की तो सगळा दणका एका कोपऱ्यावर किंवा एका चाकावर येतो. कारखान्यात चाचण्याही त्याच घेतात: वजन भरून कोपऱ्यावर आणि चाकांवर पाडायची, मोठ्या फिरत्या पिंपात गडगडवायची, मूठ झटके देऊन ओढायची, उंचवटे बसवलेल्या पट्ट्यावर चाकं पळवायची.

मी नाशिकला लगेजच्या कारखान्यात मोल्डिंगमध्ये बरीच वर्षं काढली. हा धंदा नाशिकला चांगलाच रुजलेला आहे. व्हीआयपीचा कारखाना इथे आहे, आणि इगतपुरीकडे जाताना गोंद्याला सॅमसोनाइटचा मोठा कारखाना आहे. त्यामुळे मालाबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

कडक बॅगा मुख्यतः तीन प्लॅस्टिकच्या येतात. एबीएस सगळ्यात स्वस्त. हाताला ताठ लागतं, म्हणून लोकांना मजबूत वाटतं, पण ते वाकत नाही, तडकतं. पॉलिकार्बोनेट वाकतं आणि परत जागेवर येतं. तिसरं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी. हलकं, किंचित मेणचट स्पर्शाचं, मार खाणारं. 'पॉलिकार्बोनेट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पुष्कळ स्वस्त बॅगा प्रत्यक्षात एबीएसच्या असतात, वर पॉलिकार्बोनेटचा पातळ थर. आतलं लेबल वाचा, तिथे मिश्रण असेल तर बहुधा लिहिलेलं असतं.

आता सहसा कोणी सांगत नाही ती गोष्ट. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या बॅगा तयार पत्रा तापवून, साच्यावर ओढून बनवतात. पोळी ताणली की कडेला पातळ पडते, तसा तो पत्रा कोपऱ्यांत पातळ होतो. म्हणजे जिथे मार बसणार नेमकं तिथेच जाडी कमी. चांगला कारखाना मुळात जाड पत्रा घेऊन ते भरून काढतो, स्वस्तवाला काढत नाही. पीपीच्या बॅगा बहुतेक वेळा इंजेक्शन मोल्डिंगच्या असतात. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भरायचं, त्यामुळे कोपरा आणि चाकाची जागा हवी तेवढी जाड ठेवता येते.

दुकानात बॅग उघडायची, अस्तराची चेन असेल तर तीही उघडायची, आणि कोपरा आतून-बाहेरून अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबायचा. मग तसंच मधल्या भागात दाबायचं. कोपरा मधल्यापेक्षा जास्त दबत असेल तर ती बॅग ठेवून द्या.

सह्यवारा

+१. वाचनखूण साठवली. कोपऱ्याचं हे पहिल्यांदाच वाचतोय.

खटपट_ठाणे

गोदाकाठ यांनी कवचाबद्दल लिहिलं ते पटलंच. मी दुसऱ्या टोकाकडून लिहितो. नात्यातल्या, सोसायटीतल्या बॅगा दुरुस्त करण्याचा छंद आहे. माझ्याकडे येणाऱ्या बॅगांचं कवच बहुतेक वेळा शाबूत असतं. गेलेलं असतं ते चाक, त्याखालोखाल ओढायची दांडी, मग चेन. म्हणून माझा पहिला प्रश्न कंपनीचा नसतो, रंगाचा नसतो. चाक बदलता येतं का?

पाहायचं असं. अस्तर मागे सारून चाकाच्या मागची बाजू बघा. तिथे स्क्रू दिसले तर उत्तम. स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी बसल्या बसल्या चाक बदलता येतं. रिव्हेट दिसले तर कारागीर लागतो, तो रिव्हेट ड्रिलने उडवून तिथे नट-बोल्ट घालतो. आणि चाकाचं घर कवचाच्या अंगचंच असेल, वेगळा भाग नसेलच, तर चाक गेलं की बॅग गेली. पंधरा हजारांची असो की तीन हजारांची.

अस्तराला चेन आहे की ते चिकटवलेलं आहे, हेही म्हणूनच बघायचं. चिकटवलेलं अस्तर फाडल्याशिवाय आत हात जात नाही.

आता चाकाचा माल. बाहेरचं आवरण पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं असेल तर चाल मऊ, आवाज कमी. पण आपल्या हवेत त्याचा एक मोठा दोष आहे. दमट हवेतलं पाणी त्या पीयूला हळूहळू तोडतं. बॅग वापरली नाही तरी तोडतं. माळ्यावर चार-पाच पावसाळे पडून राहिलेली बॅग काढावी, चाक दिसायला धड, नखाने दाबलं तर चिकट लागतं, आणि स्टेशनवर पोचेपर्यंत आवरण भुगा होऊन तुकड्या-तुकड्यांनी सुटायला लागतं. मागे काळा माग पडत जातो. ठाणे, मुंबई, रत्नागिरी, गोवा, सगळीकडे हेच. बॅग हलक्या वापराची म्हणून चाक टिकेल असं धरून चालू नका. रबरासारख्या टीपीई किंवा टीपीआरच्या आवरणाला हा त्रास फारसा नाही.

मुक्ता_कोथरूड

खटपटदादा, आत्ता माळ्यावरच्या जुन्या बॅगेचं चाक नखाने दाबून आले. अगदी तुम्ही लिहिलंय तसंच, चिकट. ती बॅग बाबा "नवीच आहे" म्हणून न्यायचं म्हणत होते! प्रवासाआधी कळलं हे फार बरं झालं.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टजवळच राहते, त्यामुळे तुमच्या वाटेबद्दल सांगते.

फ्रँकफर्ट विमानतळावरचं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन टर्मिनल १ ला जोडलेलं आहे, तिथवर सगळं गुळगुळीत. थेट आयसीई, म्हणजे तिथली वेगवान रेल्वे, श्टुटगार्टला सव्वा तासाच्या आसपास पोचवते. गाडीत चढताना दाराशी पायऱ्या आहेत आणि फलाट-गाडीत फट असते. त्या वेळी बॅग दोन्ही हातांनी उचलावी लागते. तुमच्या भावाने आधी आत चढून वरून घ्यायची, खालून बाबांनी ढकलायची नाही.

श्टुटगार्टचं मुख्य स्टेशन अनेक वर्षं बांधकामात आहे. फलाट मूळ इमारतीपासून लांब सरकलेत, आणि वाटा मधून मधून बदलतात. गाडी बदलायला हातात भरपूर वेळ ठेवा. ट्युबिंगनचं जुनं गाव म्हणजे उतरती बाजारपेठ, चढाच्या गल्ल्या आणि गोल डोक्याचे दगड. त्यावर चार छोट्या चाकांची बॅग अक्षरशः नाचते. बॅग ओढत चढण्यापेक्षा स्टेशनवरून टॅक्सी किंवा बस करून जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

दोनचाकी_बरी

मग प्रश्नच मिटला, दोन चाकांची घ्या! दोन चाकं मोठी असतात, निम्मी कवचात दडलेली असतात, त्यामुळे आपटत नाहीत. एकाच आसावर सरळ फिरतात, वळायचा भाग नसल्यामुळे मोडायलाही काही नाही. चार चाकांच्या बॅगेत प्रत्येक चाक खाली लोंबतं आणि वर स्वतःभोवती फिरतं. विमानतळावर बॅग आपटली की पहिला मार त्या लोंबणाऱ्या पायावर.

मुळात चाकांच्या बॅगेची गोष्टच या दोन चाकांनी मार्गी लागली. १९७२ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना पेटंट मिळालं ती चार चाकांवर आडवी ठेवून पट्ट्याने ओढायची सुटकेस होती, आणि ती सारखी कलंडायची. १९८७ च्या सुमाराला रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने बॅग उभी केली, तळाला दोन चाकं लावली, वर लांब दांडी दिली. वैमानिक आणि हवाई सुंदऱ्या रोज वापरणार, म्हणून ती रचना टिकली.

सुनंदा_देसाई

इतकं सरळ नाही हो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन चाकांची बॅग तिरकी करून ओढायची म्हणजे वजनाचा काही भाग सतत हातावर येतो, आणि हात मागे ताणलेला राहतो. २३ किलोच्या बॅगेला दुखरा खांदा हे सहन करणार नाही. चार चाकांची बॅग गुळगुळीत फरशीवर शरीराच्या बाजूला उभी ठेवून ढकलता येते, खांद्यावर जवळजवळ काहीच येत नाही.

मुक्ता, आई-बाबांच्या प्रवासात स्वतः बॅग ढकलायचा बहुतेक भाग विमानतळ आणि स्टेशन हाच आहे. दगडी गल्ली शेवटची काही मिनिटं, आणि तेव्हा तुझा भाऊ सोबत आहे. बाबांसाठी मी चार चाकंच घेईन. फक्त दांडीची उंची त्यांच्याकडून बघून घे. ढकलताना कोपर थोडं वाकलेलं हवं, खांदा वर उचलला जाता कामा नये. दुकानात त्यांना घेऊन जा.

दोनचाकी_बरी

सुनंदाताई, खांद्याचा मुद्दा मान्य. पण मग चार चाकांमध्येसुद्धा जोडचाकं असलेली घ्यायला सांगा. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर दोन-दोन, एकूण आठ. फटीत अडकत नाहीत, वजन विभागलं जातं. आणि चाकाचा व्यास जितका मोठा तितकं बरं. दुकानात सगळे रंग बघतात, चाकाला पट्टी कोणी लावत नाही.

उतारावर आणि बसमध्ये ती बॅग सोडून चालणार नाही, हे आई-बाबांना सांगून ठेवा. पळते.

टोरांटोची_सई

दोघांच्या मधलं: चार चाकांची बॅग दगडांवर आली की तिरकी करून मागच्या दोन चाकांवर ओढायची. फार लांब नाही, पण गल्लीपुरतं जमतं.

आमच्याकडचा अनुभव थंडीचा. उणे वीसला विमान उतरतं, बॅगा बाहेर बर्फात उभ्या असतात. एबीएसची एक बॅग अशाच हिवाळ्यात कोपऱ्यापासून मुठीपर्यंत उभी चिरली. पॉलिकार्बोनेट थंडीत चिवट राहतं. साधं पीपी गोठणबिंदूच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं, त्यात थंडीसाठी बदल केलेलं पीपी असेल तर चालतं. आई-बाबा सप्टेंबर ते डिसेंबरच्या आत परत येणार असतील तर जर्मनीत एवढी चिंता नाही. कॅनडाला किंवा अमेरिकेच्या उत्तरेला येणाऱ्यांनी मात्र विचारून घ्या.

गोदाकाठ

सईताई बरोबर. चांगल्या कंपन्या कोपॉलिमर पीपी वापरतात, ते थंडीत बरंच तग धरतं. पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या पट्ट्या दाबून केलेला कर्व्ह नावाचा प्रकारही आहे, सॅमसोनाइटच्या महागड्या बॅगांत येतो, फार हलका आणि फार चिवट. पण तो या बजेटमध्ये बसत नाही.

वीणा_विलेपार्ले

मी विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये काम केलंय. आत बॅगेचं काय होतं ते थोडं सांगते, कारण त्यावरून निवड सोपी होते.

चेक-इनला दिल्यावर बॅग पट्ट्यांवरून जाते, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडते, वळणावर दुसऱ्या बॅगांवर आदळते. विमानाच्या पोटात ती एकावर एक रचली जाते, उभी नाही, बहुतेक आडवी. वरच्या बॅगांचं वजन खालच्यावर. 'फ्रॅजाइल'चं स्टिकर लावलं म्हणून वेगळी वाट मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. लोंबणारं काहीही पट्ट्यात अडकतं: खांद्याचे पट्टे, बांधलेल्या ओढण्या, लोकरीचे गोंडे. ओळखीसाठी काही लावायचंच तर रंगीत चिकटपट्टी लावा. आणि जुन्या प्रवासाचे बारकोडचे कागद पूर्ण काढून टाका, मशीन जुना बारकोड वाचतं आणि बॅग भलत्या वाटेला लागते.

ओढायची दांडी पूर्ण आत जाऊन अडकली पाहिजे. अर्धवट बाहेर राहिलेली दांडी वाकलीच म्हणून समजा. दुकानात दांडी पूर्ण बाहेर काढून डावी-उजवी हलवा. थोडा खेळ सगळ्यांनाच असतो, पण खुळखुळ वाजत असेल किंवा बटण दाबल्यावर एकच नळी सुटत असेल तर ती नको.

पावसाळ्यात कापडी बॅग भिजते. मुंबईत जुलैमध्ये ट्रॉली विमानापाशी पावसात उभी असते. कडक बॅगेतसुद्धा चेनमधून पाणी जातं. कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालूनच भरा.

निळू_फोंडा

कापडी बॅगेची बाजू कोणी घेईना म्हणून लिहितो. चांगलं कापड असेल तर ती तडकत नाही, फाटली तर शिवता येते, बाहेरच्या कप्प्यात कागद-स्वेटर राहतात, आणि अर्धी उघडून काम होतं. कडक बॅग मधोमध उघडते, तिला दुप्पट जागा लागते. भावाचं घर छोटं असेल तर हे लक्षात घ्या.

कापडावर डेनियर लिहिलेलं असतं. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितका डेनियर. म्हणजे १६८० डेनियरचा धागा ६०० पेक्षा बराच जाड. नायलॉन असेल तर पॉलिएस्टरपेक्षा घासणं जास्त सोसतं. फक्त आमच्या गोव्यात कापडाला बुरशी लवकर धरते. ऊन दाखवून मग ठेवायची, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुळीच नाही.

मुक्ता_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. किती तपशिलात लिहिताय. तीन शंका.

१. मोठी म्हणजे किती मोठी घ्यायची? दुकानदार २८ इंचीच दाखवतात.
२. कुलूप टीएसएचंच हवं का?
३. चेन कशी तपासायची? बॉलपेन खुपसून चेन उघडतात म्हणे, ते खरं का?

वीणा_विलेपार्ले

१. लांबी, रुंदी, जाडी मिळून १५८ सेंटिमीटर, हा बहुतेक विमान कंपन्यांचा नियम. चाकं आणि मूठ धरून. ७५, ५०, ३१ ची बॅग १५६ होते, बसते. ७८, ५२, ३० ची १६० होते. शिवाय चेन उघडून फुगवायची सोय असेल तर ती उघडल्यावर चार-पाच सेंटिमीटर आणखी वाढतात, मग बसणारी बॅगसुद्धा बसत नाही. दुकानात टेप घेऊनच जा.

पण २३ किलोच भरायचे असतील तर २८ इंची मोठीच पडते. अळीव आणि गोधड्या जाऊनही जागा उरते, मग माणूस भरतच जातो. २६ इंचाच्या आसपासची बघा. आणि रिकाम्या बॅगेचं वजन विचारा. एक साडेतीन किलोची आणि एक पाच किलोची, दोन्ही सारख्याच दिसतात. दीड किलो सामान गेलं तुमचं. एका बॅगेला ३२ किलोची वरची मर्यादा असते ती लोडरच्या पाठीसाठी, जास्त पैसे भरूनही त्यापुढे सहसा घेत नाहीत.

२. टीएसए ही अमेरिकेची प्रवास-सुरक्षा संस्था, तिचं कुलूप अमेरिकेसाठी. तिथले तपासनीस आपल्या किल्लीने उघडून परत बंद करतात, नाहीतर कुलूप तोडतात. जर्मनीला त्याची सक्ती नाही. त्या किल्ल्यांचे फोटो २०१४-१५ मध्ये बाहेर फुटले आणि लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर नकला केल्या, त्यामुळे ते कुलूप म्हणजे तिजोरी नव्हे. दागिने, औषधं, कागदपत्रं हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही हातातच, चेक-इनमध्ये चालत नाही.

खटपट_ठाणे

३. पेनाचं खरं आहे. नायलॉनच्या गुंडाळीची साधी चेन पेनाच्या टोकाने फाकते, आणि कुलूप लावलेले रनर पुढेमागे फिरवले की परत मिटते, काही झालंय हे कळतही नाही. दुहेरी थराची चेन मिळते, ती बरीच अवघड जाते. वायकेके या जपानी चेन कंपनीचं नाव रनरवर असेल तर चांगलं. नंबर पाहा: ५ ची छोट्या कप्प्यांना ठीक, मोठ्या बॅगेच्या मुख्य चेनला ८ किंवा १० हवी. नंबर बहुतेक वेळा रनरच्या पाठीवर असतो. बॅग गच्च भरलेली आहे असं समजून कोपऱ्यावर चेन वळवून बघा. कोपऱ्यावर अडखळली तर पुढे तिथेच दात सोडणार.

जनशताब्दी

मुक्ताताईंनी रत्नागिरीचा उल्लेख केलाय म्हणून रेल्वेचं. स्लीपर आणि थ्री एसीला ४० किलो, टू एसीला ५० किलो सामान फुकट. मापाचाही नियम आहे: डब्यात न्यायची पेटी १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरपर्यंत, आणि थ्री एसी व चेअर कारला ५५ बाय ४५ बाय २२.५. रोजच्या प्रवासात कोणी टेप लावताना दिसत नाही, पण चेअर कारमध्ये ७५ सेंटिमीटरची कडक बॅग वरच्या रॅकवर चढवणं आणि उतरवणं हे दोन्ही त्रासाचं. ती शेवटी दाराशी ठेवावी लागते आणि प्रत्येक स्टेशनला तिच्याकडे लक्ष. कोकणासाठी एक छोटी दोनचाकी कापडी बॅग वेगळी ठेवा. जर्मनीची बॅग जर्मनीलाच जाऊ दे.

टोरांटोची_सई

वॉरंटीचं कोणीच लिहिलं नाही. पाच-सात वर्षांची वॉरंटी ऐकून भारावून जाऊ नका. बहुतेकांच्या अटींत फक्त उत्पादनातले दोष असतात. चाकाची झीज आणि विमान कंपनीने केलेली मोडतोड त्यात बसत नाही. विमान कंपनीचं नुकसानही भरून देणाऱ्या कंपन्या आहेत, ब्रिग्ज अँड रायली त्यांपैकी, पण किंमत फारच वरची. भारतात घेताना मी एवढंच विचारेन: सर्व्हिस सेंटर पुण्यात कुठे आहे, आणि या मॉडेलची चाकं तिथे मिळतात का?

विमानातून मोडून आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआर, म्हणजे त्या तक्रारीच्या अहवालाची प्रत घ्या, फोटो काढा. माँट्रियल करार, म्हणजे विमान प्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार, त्याखाली नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, बॅग उशिरा मिळाली तर २१ दिवसांत. भारत आणि जर्मनी दोन्ही त्या करारात आहेत. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून भरपाईची मर्यादा प्रवाशामागे १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) झालीय. मात्र बॅगेच्या मूळ दोषामुळे झालेलं नुकसान त्यात येत नाही, आणि चाकं-मुठींच्या बाबतीत कंपन्या तेवढ्यावरच बोट ठेवतात. त्यामुळे चेक-इनला देण्याआधी बॅगेचा चारही बाजूंनी, चाकांसकट, फोटो काढून ठेवा.

मुक्ता_कोथरूड

मंडळी, शनिवारी बाबांना घेऊन गेले. बॅगा घेतल्या!

पहिल्या दुकानात कोपरा दाबून बघायला लागले तर विक्रेत्याला आवडलं नाही. दुसऱ्या दुकानात काका स्वतःच टॉर्च घेऊन आले, अस्तराची चेन उघडून चाकामागचे स्क्रू दाखवले, आणि म्हणाले, "या मॉडेलची चाकं माझ्याकडे असतात, येऊन बदलून घ्या." तिथेच घेतल्या. बाबांसाठी पीपीची, ६८ सेंटिमीटर उंच, जोडचाकांची, रिकामं वजन साडेतीन किलोच्या आत. बाबांनी दुकानात ती भरपूर ढकलून पाहिली. एका बॅगेची दांडी त्यांना आखूड पडत होती, ती नाही घेतली. आईला मात्र कापडी हवी होती, बाहेर कप्पा असलेली, तिला दोन मोठी चाकं आहेत. ती बॅग तिने ओढायची नाही, भाऊ ओढेल, असं ठरलंय. दोन्ही मिळून बजेटमध्ये बसल्या.

खटपटदादा, दुकानदार काकांनी बाबांच्या बॅगेचं एक जादा चाक आत्ताच घ्या म्हणून सुचवलं. घेऊन ठेवावं का? की तेही पडून खराब होईल?

खटपट_ठाणे

घ्या, पण आवरण पीयूचं आहे का विचारून. पीयूचं असेल तर पडून राहिलं तरी ते जुनं होतच राहणार, मग आत्ता घेऊन फायदा नाही. टीपीआरचं असेल तर खुशाल घ्या. चाकाच्या घराच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा एक छोटा कोड उठवलेला असतो, अक्षर आणि आकडे. त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे हे मॉडेल बंद झालं तरी रविवार पेठेत त्या कोडवरून जुळणारं चाक शोधता येतं. कोड नसेल तर चाकाचा व्यास, जाडी आणि आसाची जाडी मोजून लिहून ठेवा. आईच्या दोनचाकी बॅगेला तर या तीन मापांवर कुठलंही चांगलं बेअरिंगचं चाक बसतं.

जाण्याआधी एकदा दोन्ही बॅगा पूर्ण भरून सोसायटीच्या आवारात फिरवा, पेव्हर ब्लॉकवरून. काही सैल असेल तर ते तिथेच वाजेल आणि दुकान अजून जवळ असेल.

नेकारकाठ

आणि मुक्ता, भावाला सांग, वाटेतल्या स्टेशनांवर लिफ्ट चालू आहे का ते आधी रेल्वेच्या ॲपवर बघता येतं. गाडी चुकेल म्हणून घाईने जिन्यावरून बॅगा उतरवायच्या नाहीत, पुढची गाडी धरायची. ट्युबिंगनला अर्ध्या-अर्ध्या तासाने गाडी मिळून जाते.